तेलाचा हात

आबा,

तो आवाज मला परवा पुन्हा ऐकू आला. परसातल्या धुण्याच्या दगडाशी तुम्ही उकिडवे बसायचात आणि चुलीतल्या राखेनं हात घासायचात. खसखस, खसखस, मधे तांब्यातलं पाणी ओतल्याचा सपकारा, की पुन्हा खसखस. मी आतल्या खोलीत खाटेवर. डाव्या बगलेखालून पाठीपर्यंत टाके घातलेले, कूस बदलायची चोरी, त्यामुळं दिवसभर माझे कानच तेवढे घरभर हिंडायचे. तो आवाज थांबला की तुम्ही येणार हे ठरलेलं. येता, उंबऱ्याच्या आत ताट ठेवता, मागं सरता, हात पाठीशी बांधता आणि म्हणता, "जेव." ताटात ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं, बिनफोडणीचं वरण. एकदा मी पाण्याचा तांब्या तुमच्या हातून घ्यायला हात लांब केला, तर तुम्ही तो जमिनीवर टेकवलात आणि बोटाच्या टोकानं माझ्याकडं सरकवलात. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाक तुम्हीच करायचात, म्हणजे ताटातलं सगळं तुमच्या हातचंच होतं. फक्त तो हात मला लागत नव्हता.

मी समजायचं ते समजलो. त्या दिवसांत क्षयाचं नाव घेतलं तरी लोक पदर नाकाला लावायचे. गल्लीतली माणसं आपल्या दारावरनं जाताना पलीकडच्या कडेनं जायची, त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. पण तुम्ही. पंचगंगेच्या काठानं मळ्यामळ्यांतून जाऊन बंद पडलेली ऑइल इंजिनं चालू करणारे तुम्ही, फिरत्या चाकाजवळ हात नेताना ज्यांची पापणी लवत नव्हती ते तुम्ही, माझ्या खोकल्याला भ्यालात, असं मी धरून चाललो. पुढं बरा झालो, शाळेत मराठी शिकवायला लागलो, लग्न झालं, मुलं झाली, तुम्ही गेलात, आणि तरी ते तसंच राहिलं. राग म्हणावा असं काही नव्हतं. जिना चढताना एका पायरीला पाय अडखळतो आणि आपण ती पायरी ओळखून जपून चढतो, तसं होतं ते.

आता परवाचं सांगतो. माझं उरलेलं फुप्फुसही म्हातारं झालंय, म्हणून डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. पांढरी पेटी, तुमच्या हत्यारांच्या पेटीएवढी, सारखी घुमत असते, आणि तिच्यातून निघालेली बारीक नळी माझ्या नाकात. ते बसवायला एक मनुष्य आला होता, आपल्याकडचाच, बोलका. सगळं दाखवून झालं, चहा पिऊन झाला, आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आजोबा, एक सांगून ठिवतो. तेलकट हात नळीला लावायचा न्हाय. नाकाला खोबरेल, व्हॅसलीन, तूप, कायबी लावायचं न्हाय."

मी म्हणालो, "नाक कोरडं पडतं रे."

"पडू दे की. भडका उडण्यापरास बरं. ऑक्सिजन आन् तेल म्हंजे सासू आन् सून, एका खोलीत ठिवायचं न्हाय. हितं निदान दाब कमी असतोय. मोठ्या सिलिंडरच्या चावीला कुणी तेलाचं बोट लावून चावी उघडली ना, तर खोली ऱ्हात न्हाय."

तो हसत हसत जिना उतरून गेला. आणि मला तो आवाज ऐकू आला. खसखस, खसखस. सूनबाई कामाला गेलेल्या, घरात कुणी नाही, आणि मी खुर्चीचे हात धरून बसलो. कारण एक गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक होती आणि ती काय आहे हे मात्र त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या आधीची खंडेनवमी. आदल्या वर्षापर्यंत तो दिवस मी तुमच्याबरोबर कारखान्यात काढायचो. लेथ, पाने, हातोड्या, भाता, सगळं धुऊनपुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू लावून मांडलेलं असायचं. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही. "वर्षभर ती आपली चाकरी करत्यात, आज आपण त्यांची," असं म्हणून तुम्ही लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन एकेका सांध्याला थेंब द्यायचात, जसं लहान पोराच्या टाळूला तेल घालावं. तसं तर माझ्याही टाळूला रविवारी तुम्हीच घालायचात. आई गेल्यापासून तो तुमचा नेम होता. खोबरेल घालायचात, पण तुमच्या तळव्यांत इंजिनाचं तेल असं मुरलेलं की माझ्या डोक्याला दोन्हींचा मिळून वास यायचा. वर्गातली पोरं मला ऑइल इंजिन म्हणायची. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी मात्र मी दवाखान्यात होतो. इंजेक्शनं घेऊन झाली होती, डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग तरी सडलेलाच राहिला होता, तो कापून काढायचा होता. कापणारे डॉक्टर बाहेरगावाहून येणार होते, दसरा झाला की लगेच, आणि एवढ्या कामासाठी पुन्हा कधी येतील याचा भरवसा नव्हता. भूल देणाऱ्या बाई मात्र दवाखान्यातल्याच. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, पुण्याकडचं बोलणाऱ्या. त्यांनी मला आधी बसवून सगळं समजावलं होतं, आणि तसं त्या काळी कुणी समजावत नसे. म्हणाल्या, "छाती उघडली की आतलं फुप्फुस फुग्यासारखं बसतं. मग तुला स्वतःचा श्वास पुरत नाही. घशात नळी घालून तुझ्या वतीनं तो मी घेणार. ही रबरी पिशवी आहे ना, ती ऑक्सिजननं भरते. मी दाबली की तू श्वास घेतलास, मी सोडली की तू सोडलास."

मी विचारलं, "आणि तुम्ही मधेच विसरलात तर?"

"तू म्हणे सारख्या कविता म्हणत असतोस. ओळीत यति कुठं येतो ते विसरतोस का?"

मला ते फार आवडलं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की लांब वृत्ताच्या ओळीत यति असतो तो जिभेनं विसावायची, श्वास घ्यायची जागा. म्हणजे त्या दिवशी माझी कविता बाई म्हणणार आणि यतिही त्याच ठेवणार, असं काहीतरी स्वप्नाळू मनात घेऊन मी निर्धास्त झालो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं.

खंडेनवमीच्या दुपारी तुम्ही वॉर्डात आलात. कपाळाला मळवट, बोटांना कुंकू, कोटाच्या खिशातून कुपीची चोच वर आलेली. दवाखान्यात तुम्हाला सगळे मिस्त्री म्हणायचे, कारण मला भेटायला यायचात आणि जाताना त्यांचा पाण्याचा पंप, ढकलगाडीची चाकं, दारांच्या बिजागऱ्या नीट करून जायचात. त्या दिवशी तुम्ही माझ्या खाटेवर बसलात, माझ्या पावलावरनं हात फिरवलात आणि म्हणालात, "तुझ्या वाऱ्याच्या नळकांड्याचीबी पूजा करून आलो. माझ्या लेकाचा श्वास हाय त्यात. लेथाची पूजा करायची आन् त्याची न्हाय, आसं कसं?"

ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. पुढं तुम्ही दुरावलात तेव्हा मी ते काढून बघायचो आणि म्हणायचो, निदान तोपर्यंत तरी होते. आणि परवा, त्या माणसाची पावलं जिन्यावरून उतरत होती तेव्हा, तेच वाक्य माझ्याकडं तोंड वळवून उभं राहिलं.

मी गडमुडशिंगीला तुमच्या लेकीला, आक्काला फोन लावला.

"आक्का, त्या खंडेनवमीला आबांनी सिलिंडरला तेल लावलं होतं?"

पलीकडं टीव्ही चालला होता, तो बंद झाला.

"कोण म्हणालं तुला?"

"माझ्या घरी ऑक्सिजनचं मशीन आलंय, ते बसवणारा तेलाचं बोलला. लावलं होतं का?"

"आरं, आत्ता ह्या वयात काय उकरत बसलाईस? जेवलास का?"

"आक्का."

"व्हय," ती म्हणाली. "लावलंतं."

आबा, तुमच्या लेकीनं मग सगळं सांगितलं. आधी तोडून तोडून, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबवता येईना. ती तेव्हा दसऱ्याला माहेरी आलेली, ऑपरेशनच्या दिवशी तुमच्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसलेली होती. मी आत. मला शेवटचं आठवतं ते एवढंच, की बाईंनी अंक मोजायच्याऐवजी कविता म्हण असं सांगितलं, मी सुरुवात केली, पहिला यति आला, आणि पुढं काहीच नाही. माझ्यासाठी तो दिवस तिथं संपला होता. आक्कासाठी आणि तुमच्यासाठी तिथून पुढं होता.

"आतनं नर्सबाई आली," आक्का म्हणाली. "तोंडाला फडकं, वर नुसतं डोळं. म्हणाली, कोपऱ्यातल्या सिलिंडरला तेल कुणी लावलं? आबा उठून हुबं ऱ्हायलं. शाबासकी घ्यायला उठल्यागत. म्हणालं, म्या लावलं, बाई. वॉर्डबॉय म्हणत होता चावी लई घट्ट हाय म्हणून. आता बगा, लोण्यागत फिरतीया."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"नर्सबाईनं भिताडाला हात टेकला. म्हणाली, मिस्त्री, ती फिरवली असती तर तुमचा पोरगा, डॉक्टर, बाई, आमी सगळी जागच्या जागी पेटलो असतो. बाईंनी झाकण काढलं तवा तेलाचा वास आला, आन् झेंडूची पाकळी चिकटलेली दिसली, म्हणून हात मागं घेतला. पयला सिलिंडर संपत आलाय. पोराची छाती उघडी हाय."

"मग?"

"आबा खाली बसलं. बाकावर न्हाय रं. फरशीवर."

म्हणजे तेव्हा आत काय चाललं होतं ते आता मी जुळवतो. बाईंनी ती पिशवी सोडून हाताचा भाता घेतला, रबरी, आणि खोलीतलीच साधी हवा माझ्या छातीत भरायला लागल्या. अर्धी छाती बसलेली, तिथं साधी हवा कितीशी पुरणार. माझे ओठ निळे पडले होते म्हणे. डॉक्टर कापायचं थांबवू शकत नव्हते आणि घाईही करू शकत नव्हते. त्या दाबत होत्या आणि सोडत होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात एक सिलिंडर असेल असं कुणीतरी म्हणालं, तसे तुम्ही कंपाउंडरला घेऊन धावलात. जाताना आवारातल्या नळाखाली हात घातलेत आणि वाळूनं घासत सुटलात. आक्का मागून ओढत होती की आबा, चला, टांगा थांबलाय, आणि तुमच्या बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा तुम्ही उठलात. येताना कंपाउंडरनं सिलिंडर मिठीत धरला होता आणि तुम्ही त्याच्यासमोर दोन्ही हात वर धरून बसला होता. त्याला ते लागू नयेत म्हणून. टांगेवाला वळून म्हणाला होता, "काय मिस्त्री, कुणाला शरण आलाईसा?"

हे तुम्हीच नंतर आक्काला सांगितलंत. हसू येईल म्हणून सांगितलंत, आणि तुमचं तुम्हालाच हसू आलं नाही, असं ती म्हणाली.

सिलिंडर वेळेवर पोचला, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. संध्याकाळी बाई बाहेर आल्या. तुम्ही त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलात तर त्या मागं सरल्या. दवाखान्यात त्यांनी तुमचं नाव सांगितलं नाही, तक्रार केली नाही. आक्काला त्यांचे शब्द अजून पाठ आहेत, पुणेरी सुरासकट: "तुम्ही पूजा केलीत, हे मला समजलं. पण यंत्राला तुमच्या मायेचं काही कळत नाही. ऑक्सिजनच्या जवळ तेल येता कामा नये, एवढं लक्षात ठेवा. मुलाला बघायला जायचंय ना? आधी हात धुऊन या."

एवढंच म्हणाल्या होत्या त्या. त्या दिवसापुरतं म्हणाल्या होत्या.

"आन् आबांनी ते धरलं," आक्का म्हणाली. "तू घरी आल्यावर मी म्हणलं, आबा, असं लांबनं काय वाढताय? पोरगं रडतंय आत. तर म्हणालं, त्याच्या छातीत तो ऑक्सिजन भरलाय. मी म्हणलं, ते वारं कवाच भायेर पडलं. तर मलाच म्हणालं, तू गप. टाकी रिकामी झाली म्हंजे कोरडी झाली न्हवं. डिझेलच्या रिकाम्या टाकीत काडी टाकून बग. तळाला ऱ्हातंयच. आन् माझ्या हातातलं तेल तीस वर्षाचं हाय, राखेनं वरचं निघतंय, आतलं न्हाय निघत."

मला बसल्या जागी गार झालं, आबा. हे मी लिहितोय तरी अजून ते अंगातून गेलेलं नाही. माझ्या वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल शाईनं रेघ मारली असती, आणि तुमच्या जागी बसून बघितलं तर त्यात एकही चूक सापडत नाही. तुम्ही आयुष्यभर टाक्या आणि नळ्या आणि पेट घेणाऱ्या गोष्टी हाताळल्यात. माणूस तुम्ही त्याच हिशेबानं समजून घेतलात. फोडणी तुम्ही परसातल्या चुलीवर, तीही फक्त स्वतःपुरती करायचात, वरणाला नाहीच. मी म्हणायचो, आजाऱ्याचं जेवण म्हणून बेचव. आणि ती दिवाळी. सगळ्या गल्लीत पहाटे उटण्याचा वास, पोरांच्या डोक्यावर तेल थापल्याचे आवाज, आणि तुम्ही माझ्या दारात उभे. म्हणालात, "यंदा तेल नको. नुसतीच आंघोळ कर." मी भिंतीकडं तोंड केलं. पुढच्या दिवाळीला मी खणखणीत बरा होतो, तेव्हाही तेल नाही. मग मी विचारणंच सोडलं. तुम्ही स्वतःच्या डोक्यालाही तेल लावायचं सोडलं होतंत, तुमचे केस कापसासारखे उडायचे, आणि त्यावरून मी मनात तुम्हाला हसलो होतो, म्हातारा विक्षिप्त झाला म्हणून.

बाईंचंही आता आठवतं. मला घरी सोडायच्या आधी त्या वॉर्डात बघायला आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं वाकडी धरलेली होती, पेन धरता येत नव्हतं, कागदावर नर्सकडून लिहून घेतलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझी कविता फार लांब निघाली रे." मी ते कौतुक समजून वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. आणि पुढं वर्षभरानं तपासायला गेलो होतो तेव्हा म्हणाल्या, "वडिलांना माझा निरोप सांग. म्हणावं, आता पुरे झालं." तुम्ही तिथं अजून जायचात, त्यामुळं मला वाटलं पंपाच्या दुरुस्तीबद्दल काही असेल. घरी येऊन तसाच निरोप सांगितला. तुम्ही "व्हय" म्हणालात आणि परसात गेलात. मग तोच आवाज.

शेवटचं तर मी कुणापाशी कधी बोललो नाही. तुम्ही अंथरुणाला खिळला होता, मी चमच्यानं पाणी पाजत होतो आणि वाटलं, आता तरी हात हातात घ्यावा. मी हात पुढं केला आणि तुम्ही दोन्ही मुठी मिटून घेतल्यात. अंगात उठायचं बळ नव्हतं, पण मुठी अशा मिटल्यात की बोटं पांढरी झाली. मी खोलीबाहेर गेलो. मला वाटलं, मरतानाही.

हे सगळं ऐकून मी आक्कावर ओरडलो. ओरडायला वारा पुरत नाही आता, पण ओरडलो. "जन्मभर गप्प बसलीस तू?"

"आण घातलीती आबांनी. जोतिबाचा गुलाल हातात दिला आन् म्हणालं, त्याला कळलं तर तो माझ्या हातचं पाणी पिणार न्हाय."

"अगं, मी त्यांच्या हातच्या पाण्यासाठी..." मग म्हणालो, "ते गेल्यावर तरी सांगायचंस."

"आण काय माणूस गेल्यावर सुटती? आज तूच इचारलंस, म्हणून बोललो. देवाला काय ते माझं मी बघून घेईन."

"पुन्हा फोन करू नकोस," मी म्हणालो आणि ठेवून दिला. तिनं केला नाही. काल नाही, आज सकाळीही नाही.

आबा, मी शिक्षक माणूस, लिहिलं की वाचून बघायची सवय. वर वाचलं तर दिसतं की मला सर्वांत जास्त धक्का कशाचा बसला ते मी अजून सांगितलेलंच नाही. खोली उडाली असती याचा नाही. ते झालं नाही, आणि जे झालं नाही त्याला या वयात किती घाबरायचं. धक्का याचा, की एका घरात आपण दोघं तेवढी वर्षं राहिलो, एकाच माळवदाखाली, एकाच चुलीवरचं जेवलो, आणि मी तिकडं समजत होतो की यांना माझी किळस येते, आणि तुम्ही इकडं समजत होता की आपला हात लागला तर पोरगं पेटेल. मधे फक्त एक उंबरा होता. कुणीतरी एकानं विचारायला हवं होतं. तसं आपल्याकडं बाप-लेक काही विचारत नाहीत. जेव म्हणतात, आणि जेवतात.

हे पत्र कुठं टाकायचं, याचा प्रश्न नाही. घडी करून शालेय कवितांच्या जुन्या पुस्तकात ठेवीन, आणि माझ्यामागं सूनबाई रद्दीत देतील तर देतील. तुम्हाला एक मात्र सांगून टाकतो. सकाळपासून मी नाकातली नळी काढून ठेवलीय आणि मशीन बंद केलंय. घाबरू नका, तेवढा वेळ मला चालतं. तुमच्या सुनेचं, माझ्या बायकोचं, शिवणाचं मशीन अजून खिडकीशी आहे, त्याच्या खणात तेलाची छोटी कुपी सापडली. त्यातले थेंब मी तळहातावर घेतलेत, वर थोडं खोबरेल, आणि दोन्ही हात चोळून नाकाशी धरून बसलोय. लिहिता लिहिता कागदालाही डाग पडलेत, ते तुम्हाला दिसतीलच. वास अगदी तसा नाही. पण पुष्कळसा तसा आहे.

दार वाजतंय. दुपारी या वेळेला कुणी येत नाही. तो मशीनवाला असेल तर रागावेल. थांबा जरा.

आबा, आक्का आलीय. गुडघ्यांमुळं तिनं आमचा जिना चढायचं केव्हाच सोडलं होतं. कुणाला बरोबर न घेता, रिक्षा करून, एकेक पायरी बसत बसत वर आली. दार उघडलं तर उंबऱ्याच्या बाहेरच उभी. केस धुतलेले, कोरडे, कापसासारखे उडणारे. जन्मात तिला बिनतेलाच्या डोक्यानं बघितलं नव्हतं मी. भांडणाचं एक अक्षर काढलं नाही. म्हणाली, "शिकेकाईनं न्हाऊन आलोय, तेल न्हाय डोक्याला. आत येऊ का?" मी बाजूला झालो. माझ्या शेजारून जाताना ती थांबली, नाक वर केलं, आणि लहानपणी मला दटावताना करायची तसे डोळे केले. मी हात पाठीमागं बांधून उभा होतो. अगदी तुमच्यासारखा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"दाव," ती म्हणाली. मी हात पुढं केले. तिनं ते धरले, तसेच, तेलासकट, आणि बराच वेळ धरून ठेवले. मग म्हणाली, "चल, धुऊया. मग लाव ती नळी. मशीन का बंद हाय?" आत्ता ती मोरीत आहे, मला आधी बसवून स्वतः गेलीय, तोवर एवढं लिहून घेतोय. साबण सापडला नाही वाटतं तिला, भांड्यांची पावडर घेतलीय. मला इथं खुर्चीपर्यंत ऐकू येतंय. खसखस, खसखस, मधे पाणी, की पुन्हा खसखस. हाक मारतेय. जातो.